टाळ्यांशिवायची वीस मिनिटं



मुलांनो, या स्नेहसंमेलनात आत्ताच तुमचं लेझीम पाहिलं, बक्षिसं वाटली, टाळ्या तर थांबायचं नाव घेत नव्हत्या. माझ्यानंतर तुमची नाटिका आहे आणि तिचे कलाकार मेकअप करून पडद्याआड ताटकळलेत, हे मला दिसतंय. तेव्हा लांबण लावत नाही. ज्याला टाळ्या मिळत नाहीत, अशा एका गोष्टीबद्दल बोलतो.

मी योग शिकवतो. 21 जूनला मला चार-चार ठिकाणांहून बोलावणी येतात. मैदान भरतं, फोटो निघतात. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने हा दिवस जाहीर केला आणि पुढच्या वर्षापासून तो जगभर साजरा होतो, हे चांगलंच आहे. पण मी नेहमी विचारतो, 22 जूनला कोण येतं? माणूस घडतो तो या 22 जूनला. फोटोवाला नसतो, सर नसतात, आणि पांघरूण तर सोडवत नाही. तरीही जो उठतो, त्याच्यात बदल होतो.

पुण्याचे बी. के. एस. अय्यंगार यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 1918 साली कर्नाटकातल्या बेल्लूर गावी जन्म. लहानपणी मलेरिया, विषमज्वर, क्षय असे एकामागून एक आजार झाले, हातपाय काडीसारखे. शाळेच्या शेवटच्या परीक्षेत इंग्रजीत नापास. मेहुण्यांनी, म्हणजे कृष्णमाचार्यांनी, म्हैसूरला योग शिकवला आणि 1937 मध्ये सहा महिन्यांसाठी पुण्याला पाठवलं. तेव्हा अय्यंगारांना धड मराठीही येत नव्हती. पोरगा तिथेच राहिला. पुढे 1966 मध्ये त्याच माणसाने इंग्रजीत लिहिलेला योगावरचा ग्रंथ जगभर गेला. जागतिक कीर्तीचे व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन त्यांचे शिष्य झाले. पण कीर्ती मिळाली म्हणून अय्यंगारांनी सराव सोडला नाही. पार म्हातारपणीही त्यांचा रोजचा अभ्यास चालू होता.

आता कुणी म्हणेल, आम्हाला काय अय्यंगार व्हायचंय? नकाच होऊ. पण उद्या एक करून बघा. ताठ उभे राहा, हात वर घ्या, श्वास सोडत पुढे वाका. बोटं नडगीपाशीच अडकतील. मग तुम्ही काय कराल? गुडघे वाकवाल, श्वास कोंडाल, शेजारच्याची बोटं कुठवर गेली ते चोरून पाहाल. गणित अडलं की आपण नेमकं हेच करतो! तिथेच थांबा. गुडघे सरळ ठेवा आणि श्वास सावकाश सोडा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात, ताण उतरतो. लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं आणि योगक्रियांच्या वेळी शरीरात काय घडतं, हे क्ष-किरणांनी तपासलं. तेव्हा ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतःवर करून पाहा. काही महिन्यांनी बोटं खाली टेकतील. पण त्याआधीच राग येताना तो ओळखू येईल, आणि पेपर हातात पडल्यावर पहिलं मिनिट घाबरण्यात जाणार नाही. मात्र योगाने अभ्यास होत नाही आणि आजारपणात डॉक्टरही टळत नाही. अभ्यासाला बसणारा माणूस तेवढा स्थिर होतो.

याला महागडी चटई लागत नाही, सतरंजी पुरते. जेवण झाल्या झाल्या करू नका आणि अवघड आसनं सरांच्या देखरेखीखालीच करा, एवढंच पथ्य.

आणि गंगाखेडच्या लेकरांना रोजच्या नेमाचं महत्त्व मी काय सांगावं! संत जनाबाईंचं हे गाव. पंढरपूरला नामदेवांच्या घरी दळण, कांडण, पाणी, झाडलोट. रोज तेच काम. पाहणारं कुणी नाही, वाहवा नाही. त्याच कष्टांत त्यांनी नामस्मरण सोडलं नाही, आणि सातशे वर्षांनी आपण त्यांचे अभंग गातो.

पालकहो, एक विनंती तुम्हाला. या तालुक्यातली कितीतरी माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि घर आजीवर नि पोरींवर येतं. मुलगा व्यायाम करतो तेव्हा आपण कौतुकाने बघतो. मुलगी सतरंजी टाकते तेव्हा मात्र भांडी आठवतात. रोज सकाळची वीस मिनिटं तिला द्या. तेवढ्या वेळात अंगण मुलगा झाडेल. त्याचाही व्यायाम होईल!

मुलांनो, उद्या संमेलनाची सुट्टी आहे, हे मला माहीत आहे. तरी उद्याच सुरू करा. सुट्टीच्या दिवशी जो उठला, तो शाळेच्या दिवशी उठतोच. कुणाला सांगू नका, मोबाईलवर टाकू नका. महिनाभर करा आणि मग स्वतःच ठरवा, पुढे करायचं की नाही.