पहिली बासरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी ‘बासरीवर चार शब्द बोला’ म्हणून निरोप धाडला, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही बासरी वाजवणारी नव्हे. माझी ओळख पेटीशी, आणि तीही भजनापुरती. पण आपल्यापैकी दोघीतिघींनी यंदा मुलांना बासरीच्या वर्गात घातले आहे. पहिली बासरी घेताना माझ्या हातून जी चूक झाली, ती त्यांच्या हातून होऊ नये, एवढ्यासाठी उभी राहिले आहे.

माझे माहेर धुळ्याचे. चैत्रात तिथे पांझरेकाठी एकवीरादेवीची यात्रा भरते. माझी मुलगी दहा वर्षांची असताना आम्ही यात्रेला गेलो होतो. काठीला बासऱ्यांचा झुपका बांधून एक माणूस फिरत होता आणि स्वतः इतके गोड वाजवत होता की पोर तिथून हलेना. “ले ना माय, भारी शे,” तो म्हणाला. मी लाल-हिरवा दोरा पाहिला, चकाकी पाहिली आणि घेऊन टाकली. जळगावला परतल्यावर तिला शिकवणीला घातले, आणि मग चार महिने आमच्या घरी रोज दिवेलागणीला रडारड! मी पेटीवर स्वर धरायचा, तिने फुंकायचे आणि दोन्ही स्वरांनी एकमेकांशी भांडायचे. एके दिवशी माझ्या तोंडून गेले, “तुला सुराचे अंगच नाही.” तिने काही उत्तर दिले नाही. बासरी ट्रंकेत ठेवली आणि वर्गाला जाणे बंद केले.

पुढे दिवाळीत धुळ्याकडचे एक परिचित घरी आले. ते भजनी मंडळात बासरीची साथ करीत. त्यांनी ती ट्रंकेतून काढायला लावली, दोन फुंकरी घातल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “ताई, पोर बेसूर नई शे, बासरी बेसूर शे.”

मी म्हटले, “मग यात्रेतला तो माणूस कसा वाजवत होता?” ते हसले. मुरलेला वाजवणारा ओठ थोडा वळवून, फुंकर कमीजास्त करून वाकडा स्वरही सरळ करून घेतो. मुलाला ती युक्ती कुठून येणार? बासरी जे देईल तोच स्वर खरा, असे ते धरून चालते आणि तसाच त्याचा कान घडतो. आपण म्हणतो, ‘शिकताना साधी चालेल, आली वाजवता की चांगली घेऊ.’ हे अगदी उलटे आहे. वाईट बासरी उस्तादाला चालेल, नवशिक्याला चालणार नाही. त्या विकणाऱ्याला मी बोल लावत नाही. तो खेळणे विकत होता, मी ते वाद्य समजून घेतले.

आता निवडावी कशी? आधी हे पाहा की बासरी आडवी धरायची आहे. शिट्टीसारखी टोकाने फुंकायची बासरी पटकन बोलते, मूल खूष होते, पण आपल्या रागसंगीतात तिचा उपयोग नाही. आडवीतून पहिला आवाज निघायलाच कधी आठ दिवस लागतात. तेवढ्याने घाबरू नये.

मग पट्टी. वरची तीन भोके बंद केल्यावर जो षड्ज निघतो, त्यावरून बासरीला पांढरी एक, पांढरी पाच असे म्हणतात. बासरी जितकी लांब तितका स्वर खाली आणि भोकेही तितकी दूरदूर. पन्नालाल घोष (१९११-१९६०) यांनी सुमारे ३२ इंचांची बासरी करवून घेऊन हे वाद्य मैफलीत बसवले, हे खरे. पण ते पाहून कोणी दहा वर्षांच्या मुलाच्या हातात तसला सोटा देऊ नये. मुलांना पांढरी एकची, सुमारे १८-१९ इंची बासरी बरी पडते. मोठ्या माणसाने पांढरी पाचने, म्हणजे सुमारे २५ इंचीने सुरुवात करावी. तरीही दुकानात मुलाला नेऊन सहाही भोकांवर बोटे ठेवून पाहावीत. करंगळीशेजारचे बोट ताणावे लागले तर ती बासरी खाली ठेवा. मूल डावखुरे असेल तर काळजी नको. भोके एका रेषेत असतात, बासरी डावीकडेही धरता येते. पंडित हरिप्रसाद चौरसिया डावीकडेच धरतात.

आता कान लावायचा. सहाही भोके बंद करून हलके फुंकले की खालचा पंचम येतो. बोटे तशीच ठेवून फुंकर आवळली की वरचा पंचम. हे दोन्ही पंचम एकमेकांशी जुळलेच पाहिजेत. माझ्या यात्रेतल्या बासरीत ते सख्खे असून सावत्रासारखे वागत होते. मग तंबोऱ्याशी षड्ज-पंचम पाहा. हल्ली मोबाईलवरही तंबोरा मिळतो, तो चालेल. पेटीवर गंधार मात्र तपासू नका, कारण पेटीचा गंधार मुळातच किंचित चढा असतो. हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आणि शुद्ध मध्यम बिघडला तर लगेच बासरीला दोष देऊ नये, तो पहिले भोक अर्धे झाकून काढावा लागतो आणि हाताला बसायला महिने जातात. हे सारे आपल्याला जमत नसेल तर गुरुजींना किंवा एखाद्या वाजवणाऱ्याला बरोबर न्यावे. त्यात कमीपणा नाही.

डोळ्यांनी पाहायचे ते थोडेच. उजेडाकडे धरून आतून पाहावे, नळी सरळ व साफ हवी. भोकांच्या कडा गुळगुळीत असाव्यात. आणि दोरा! तो बांबू तडकू नये म्हणून गुंडाळतात, पण कधी त्याच्याखाली तडा झाकलेला असतो. दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना नख फिरवून पाहा. चांगला बांबू बहुधा आसामकडचा असतो, लांब पेराचा आणि पातळ. बासऱ्या करण्यात उत्तर प्रदेशातील पिलीभीतचे नाव मोठे आहे. पण नुसते नाव ऐकून घेऊ नका, वाजवून घ्या. चांगला बांबू मिळेना तर नीट सुरात केलेली प्लॅस्टिकच्या नळीची बासरी घ्यावी, असे माझे मत आहे. आवाज रुक्ष वाटेल, पण कान तरी बिघडणार नाही.

बांबूच्या बासरीला आपला खानदेश फार कठीण. मे महिन्यात जळगावला पारा ४५च्या वर जातो. तेव्हा एस.टी.च्या खिडकीशी, गच्चीवर किंवा बंद मोटारीत ठेवलेली बासरी तडकलीच म्हणून समजा. उलट कूलरच्या ओल्या झोतासमोरही ती नको. वाजवून झाल्यावर आतून कोरड्या फडक्याने पुसावी, सुती कापडात गुंडाळून कपाटात आडवी ठेवावी. उन्हाळ्याच्या तोंडाशी आतून मोहरीच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा. पाण्याने धुऊ नये. आमच्या मोलकरणीने एकदा मोठ्या प्रेमाने घासून धुतली होती, ती कथा पुन्हा कधीतरी.

साक्री भागातल्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात कोकणा लोकांची पावरी ज्यांनी ऐकली असेल, त्या विचारतील की तीही फुंकायचीच ना? हो, पण तिची रीत निराळी आणि शिकायची जागाही निराळी. बासरीच्या वर्गाला तिचा उपयोग नाही.

माझ्या मुलीसाठी त्या परिचितांनी स्वतः निवडून पांढरी एकची बासरी आणून दिली. तिने ती दोन दिवस हातात घेतली नाही. तिसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात असताना बाहेरून षड्ज ऐकू आला, मग पंचम. मी बाहेर जाऊन तिला म्हटले, “बाई, चूक माझी होती.” ती फुंकायची थांबली नाही.

ज्यांना घरातली बासरी तपासून घ्यायची असेल त्यांनी पुढच्या बुधवारी मंडळात घेऊन यावी. तंबोरा मी आणते. वाजवून पाहायला मुलगी येणार आहे.