चार तासांत रक्तातून काय जातं?

नाशिकच्या शालिमार भागातल्या संदर्भ सेवा रुग्णालयात मूत्रपिंडाच्या रुग्णांवर उपचार होतात. डायलिसिसला रुग्णाच्या हातातल्या फिस्टुलात, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेल्या मार्गात, दोन सुया टोचतात आणि मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर रक्त यंत्रातून फिरतं. चार तासांत युरिया निदान 65 टक्क्यांनी उतरायला हवा.

सगळीच विषद्रव्यं मात्र अशी सहज निघत नाहीत! इंडॉक्सिल सल्फेट रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटतं, ते बरंचसं मागेच राहतं. शिवाय पेशींमध्ये साठलेला युरिया तासाभरात पुन्हा रक्तात येतो. म्हणून बहुतेकांना आठवड्यातून तीनदा यावं लागतं.

मधल्या दिवसांत पोटॅशियम चढतं आणि ते हृदयाची लय बिघडवू शकतं. नाशिकच्या घराघरांतल्या 100 ग्रॅम बेदाण्यांत ते सुमारे 750 मिलिग्रॅम असतं. रुग्णांनी बेदाणे खाण्याआधी आहारतज्ज्ञांना जरूर विचारावं आणि डायलिसिसचा ठरलेला दिवस चुकवू नये.