खोबरेल तेल आणि तारुण्यातले मुरूम
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)





या मेळाव्यात दरवर्षी मी शिष्यवृत्तीचे अर्ज आणि शैक्षणिक कर्ज यांवर बोलतो. बँकेत कारकून असलेल्या माणसाकडून तीच अपेक्षा असते. यंदा विषय वेगळा घेतला आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेत हसू फुटले ते मी पाहिले. हसायला हरकत नाही. परंतु कर्जाच्या अर्जावर डकवायला ताजा फोटो मागितला की एखादी हुशार मुलगी खालच्या मानेने विचारते, "काका, दहावीचा फोटो चालेल का? त्यात चेहरा बरा आहे." आमच्या वस्तीतल्या एका पदवीधर मुलाने तर मुलाखतीला जायचेच टाळले, कारण काय, तर गालावर मुरूम उठले होते. पदवी हातात असताना पोरगा आरशाला भिऊन घरी बसतो, तेव्हा हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा राहत नाही.

प्रारंभीच सांगतो, मी डॉक्टर नाही. कला शाखेचा साधा पदवीधर आहे. वाचून, पडताळून जे खात्रीचे वाटले तेवढेच आपल्यासमोर ठेवतो.

आपल्या घरात दुसरे काही नसेल, पण फळीवर खोबरेल तेलाची बाटली असतेच. डोक्याला तेच, फुटलेल्या टाचेला तेच, भाजले-कापले तर तेच, बाळाच्या मालिशीलाही तेच. तेव्हा मुलाच्या तोंडावर मुरूम दिसले की आजी म्हणते, "रात्री झोपताना खोबरेल चोळ, जातील." आजी प्रेमाने सांगते. आता तेच मोबाईलवरच्या चित्रफितींतून शास्त्राचे नाव लावून सांगितले जाते, की या तेलात जंतू मारण्याची शक्ती आहे. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्याच्या चेहऱ्यावर मुरूम येतात त्याने चेहऱ्याला खोबरेल तेल लावू नये. मात्र मी सांगतो म्हणून ऐकू नका. कारण समजून घ्या आणि मग ठरवा.

मुरूम म्हणजे काय? आपल्या त्वचेत लव उगवते त्या प्रत्येक छिद्राला एक बारीक तैलग्रंथी जोडलेली असते. वयात येताना शरीरातली संप्रेरके वाढतात, त्यांच्या प्रभावाने या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या आतल्या मृत पेशी नीट झडून बाहेर न पडता एकमेकींना चिकटतात आणि छिद्राच्या तोंडाशी बूच बसते. बूच बसलेल्या छिद्रात तेल साचते, तिथे मुळात वस्तीला असलेला एक जंतू फोफावतो आणि आतून सूज येते. ही सूज म्हणजे लाल, दुखरा मुरूम. नाकावर जे काळे ठिपके दिसतात तो मळ नसतो. बुचाचे उघडे टोक हवेशी संबंध येऊन काळे पडते. म्हणून दगडाने घासल्यासारखा चेहरा घासणाऱ्यांना फायदा तर होत नाहीच, उलट सूज वाढते. "हा आंघोळ नीट करत नाही" असे टोमणे मारणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

आता तेलाकडे वळू. खोबरेल तेलात सुमारे ९० टक्के संपृक्त स्निग्धांश असतो. थंडीच्या दिवसांत विदर्भात, नाशिककडे सकाळी बाटली उन्हात ठेवावी लागते ती त्यामुळेच. साधारण २४-२५ अंशांच्या खाली हे तेल गोठते. त्यातला जवळजवळ निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो. या लॉरिक आम्लावरच सगळा गोंधळ आहे. २००९ साली अमेरिकेतील सॅन दिएगो येथील संशोधकांनी दाखवून दिले की लॉरिक आम्ल मुरमांच्या जंतूंना मारते. प्रयोग खरा आहे. पण तो काचपात्रात आणि उंदरांच्या कानांवर झाला आणि त्यात वापरले होते ते सुटे, शुद्ध लॉरिक आम्ल. आपल्या बाटलीतल्या तेलात ते सुटे नसते, ग्लिसरीनशी बांधलेले असते. मुदत ठेवीत पैसे आहेत म्हणून खिशातही आहेत असे कोणी म्हणत नाही, तसेच हे आहे. शिवाय जंतू हा मुरमाच्या कारणांपैकी फक्त एक. बुचाचे काय? एका हाताने जंतू मारायचा आणि दुसऱ्या हाताने छिद्र बुजवायचे, यात नफा कुठला?

छिद्र बुजवण्याचे हे मापही शास्त्रज्ञांनी काढले आहे. सशाच्या कानाच्या आतल्या बाजूला पदार्थ लावायचा आणि छिद्रात बुचे किती तयार होतात ते पाहायचे, अशी चाचणी अमेरिकेत १९७०च्या दशकात रूढ झाली. त्यावरून पदार्थांना शून्य ते पाच असे गुण दिले गेले. बऱ्याच याद्यांत खोबरेल तेलाला चार गुण आहेत, म्हणजे बुचे धरवणाऱ्या पदार्थांत ते वरच्या पायरीवर बसते. आता सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा पुष्कळ हळवा असतो, हेही सांगितले पाहिजे. त्यामुळे चार गुण म्हणजे प्रत्येकाला मुरूम येणारच असे नव्हे. कोणी आयुष्यभर खोबरेल लावते आणि चेहरा निर्मळ राहतो. ती त्या त्वचेची प्रकृती. पण ज्याची छिद्रे आधीच तुंबत आहेत त्याने हा धोका कशासाठी पत्करावा?

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मुरमांच्या या शास्त्रात अल्बर्ट क्लिगमन या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील डॉक्टरांचे नाव फार मोठे आहे. याच डॉक्टरांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांच्या अंगावर नाना रसायनांचे प्रयोग केले. त्यांतले बहुसंख्य कैदी कृष्णवर्णीय होते आणि चार पैशांसाठी पाठ पुढे करत होते. १९९८ साली ॲलन हॉर्नब्लम यांच्या पुस्तकाने हे प्रकरण जगासमोर सविस्तर आणले. विद्यापीठाने माफी मागितली ती २०२१ मध्ये, शहराने २०२२ मध्ये. मेडिकलच्या दुकानात आपण मलमाची जी नळी सहज विकत घेतो, तिच्यामागच्या ज्ञानात कोणाकोणाची कातडी खर्ची पडली आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे असे मला वाटते.

त्याच विद्यापीठातल्या मंडळींचा १९७० सालचा एक लेख आपल्या घरांना फार जवळचा आहे. केसांना चोपडायच्या तेल-मलमांमुळे कृष्णवर्णीय पुरुषांच्या कपाळावर आणि कानशिलांवर मुरूम येतात, असे त्यांना आढळले. तोंडाला काहीच लावलेले नव्हते, लावले होते ते डोक्याला! आता आपल्याकडे पाहा. रात्री डोक्यावर तेल चप्प थापायचे, वेणी घालायची, झोपायचे. तेल उशीच्या अभ्र्याला लागते, कुशीवर वळले की अभ्र्यावरून गालाला लागते. सकाळी शाळेत जाताना पुन्हा बोटभर तेल. उन्हाने ते वितळते आणि घामाबरोबर कपाळावर उतरते. मुलांनी कपाळावर केस सोडलेले असतात, ते दिवसभर कातडीला तेल पुसत राहतात. वसतिगृहात तर एकच टॉवेल तिघे वापरतात. मग मुलगा सांगतो, "मी चेहऱ्याला काहीच लावत नाही, तरी येतात." कपाळाच्या कडेने, केसांच्या रेषेलगत बारीक बारीक पुटकुळ्यांची रांग असेल तर पहिला संशय डोक्यावरच्या तेलाचा घ्यावा.

याचा अर्थ आयांनी तेलाची बाटली फेकून द्यावी असा नाही. केसांना खोबरेल चांगलेच आहे. ते केसाच्या आत शिरते आणि धुताना केसातले प्रथिन कमी झिजते, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या एका अभ्यासात दिसले. अभ्यास करणारे तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, तेवढे ध्यानात ठेवून तो वाचावा. कोरड्या अंगासाठीही ते उपयोगी आहे. फिलिपिन्समध्ये २००४ साली झालेल्या चाचणीत कोरड्या त्वचेच्या लोकांना त्याचा गुण आला. पण ती त्वचा हातापायांची, तैलग्रंथी तुरळक असलेली. नडगीला जे मानवते ते नाकाला मानवेलच असे नाही. हे तेल खाण्याचे की केसांचे, हा वाद कराच्या दरावरून आपल्या देशात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि लहान बाटलीतले शुद्ध खोबरेलही खाद्यतेल म्हणून गणता येते, असा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये लागला. डोक्याला लावा, भाजीत घाला, टाचेला चोळा. मुरमांच्या तोंडाला तेवढे नको.

मग डोक्याला तेल लावायचे कसे? धुण्याच्या आधी तास-दोन तास लावावे, टाळूपेक्षा केसांच्या लांबीला जास्त लावावे, कपाळाच्या रेषेपासून दोन बोटे मागे राहावे आणि मग केस धुवावेत. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदलावा. याला पैसा लागत नाही.

"पण मी लावले तेव्हा चेहरा मऊ झाला होता," असे काहीजण सांगतील. होणारच, तेलाने कातडी मऊ होते. फसगत पुढे आहे. छिद्रात बूच धरण्यापासून मुरूम डोळ्यांना दिसेपर्यंत कित्येक आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात तुकतुकी दिसते, महिना-दीड महिन्याने मुरूम उठतात आणि तोवर दोष परीक्षेच्या जागरणाला किंवा वडापावला दिला जातो. म्हणून तेल थांबवल्यावरही दोन महिने वाट पाहिली पाहिजे. चार दिवसांत निकाल लागत नाही.

कापूर घातलेले खोबरेल, लिंबू, टूथपेस्ट हे उपायही चालतात. कापूर आणि टूथपेस्ट यांनी त्वचेची आग होते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजून काळी पडू शकते. आणखी एक प्रकार असा, की कपाळावर, खांद्यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या पुटकुळ्या येतात. त्या पुष्कळदा मुरूम नसून त्वचेवरच्या बुरशीमुळे येतात आणि तेलातील मेदाम्ले हे त्या बुरशीचे खाद्य आहे. हा फरक डॉक्टरच ओळखतो.

सर्वांत जास्त भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटते. आपली त्वचा सावळी. मुरूम बसला तरी त्याजागी काळा डाग महिनोन्महिने राहतो. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली की त्या डागांची सर्वांना घाई होते. मग कोणीतरी मेडिकलमधून एक मलम आणून देतो. आठ दिवसांत चेहरा उजळतो, मुरूम बसतात, शेजारीपाजारी नाव विचारतात आणि तीच नळी चार घरांत जाते. अशा मलमांत पुष्कळदा स्टिरॉइड असते. काही महिन्यांनी कातडी पातळ होते, उन्हात गेले की आग होते, गालावर लव वाढते आणि मलम बंद केले की मुरूम आधीपेक्षा दुपटीने उसळतात. म्हणून बंद करता येत नाही. केंद्र सरकारने २०१८ साली अशी अनेक मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. काउंटरवर काय चालते ते आपण जाणतोच. खोबरेल तेलाने निदान एवढे नुकसान होत नाही. आजीच्या आणि मेडिकलवाल्याच्या सल्ल्यात निवड करायची वेळ आली तर मी आजीच्या बाजूने उभा राहीन.

परंतु तिसरा मार्ग आहे. चेहरा दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धुवावा, मुरूम फोडू नये, उन्हात जाताना चेहरा झाकावा म्हणजे डाग गडद होत नाहीत. औषधांपैकी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ॲडापॅलीन ही दोन जगभर वापरली जातात. ती महागडी नाहीत, पण डॉक्टरांना विचारूनच घ्यावीत. पहिल्याने उशीच्या अभ्र्याचा व टॉवेलचा रंग उडतो, हे आईला आधी सांगून ठेवा. दोन्हींना गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून सोडणारेच जास्त. गाठीगाठींचे, खड्डे पाडणारे मुरूम असतील तर उशीर करू नये, कारण खड्डे नंतर भरून निघत नाहीत. अशा मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन नावाची गोळी देतात. ती गर्भाला घातक असते, म्हणून ती दुसऱ्याच्या चिठ्ठीवर कोणीही, विशेषतः मुलींनी, घेऊ नये. मुलींची पाळी अनियमित असेल आणि हनुवटीवर मुरूम येत असतील तर तेही डॉक्टरांना संकोच न करता सांगावे.

मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत त्वचारोगाचा बाह्यरुग्ण विभाग असतो. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा. जाताना घरात वापरत असलेली तेलाची बाटली, साबण आणि मलमाची नळी पिशवीत घेऊन जावे, म्हणजे नावे आठवत बसावे लागत नाही. ज्या मुलांना एकट्याने जायला संकोच वाटतो त्यांनी मला सांगावे. शनिवारी बँकेला सुट्टी असेल त्या दिवशी मी बरोबर येईन.

आता कोणाला काही विचारायचे असेल तर विचारावे. सर्वांसमोर नको वाटत असेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवली तरी चालेल, नाव घालायची गरज नाही.