इंजिनाचं नॉझल पावसाआधी तपासा



जुलैत पालघर, मनोर, बोईसरकडे लावणीची घाई सुरू झाली, की ट्रॅक्टरला उसंत नसते. आवण एकवीस-पंचवीस दिवसांची झालेली असते. नेमकं तेव्हाच इंजिन काळा धूर ओकू लागतं, चिखलणीत दम सोडतं. मिस्त्री येईपर्यंत रोपं जून होतात आणि पुढे फुटवे कमी येतात. अशा वेळी आधी एअर फिल्टर पाहा. तो साफ असूनही धूर येत असेल, तर दुखणं बहुधा बोटाएवढ्या नॉझलमध्ये असतं.

घोलवड-डहाणूकडचे बागायतदार चिकूवर औषध मारतात, त्यांना हे लगेच कळेल. फवारणी पंपाचं नॉझल झिजलं की धुकं होत नाही, धार पडते. औषध पानावर न बसता खाली ठिबकतं. इंजिनातही तसंच. डिझेलचं धुकं झालं नाही तर ते पुरतं जळत नाही. पैसा धुरातून जातो, आणि न जळलेलं डिझेल खाली उतरून ऑइल पातळ करतं.

जुन्या पद्धतीच्या इंजिनात दोषी सिलिंडर ओळखायची सोपी रीत आहे. इंजिन मंद चालू ठेवून एकेका नॉझलच्या पाईपाचा नट किंचित सैल करायचा, वर फडकं धरायचं. इंजिन बसलं तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर खोट तिथंच.

मग सगळी नॉझलं एकदम काढून डिझेल पंपाच्या कारागिराकडे न्यावीत. तो हातपंपावर दाब पाहतो. जुन्या इंजिनांत नॉझल साधारण १७५ ते २५० किलो दाबाला उघडतं. आपल्या इंजिनाचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो, तोच धरायचा. उघडण्याच्या दाबाच्या थोडं खाली दहा सेकंद धरलं, तर टोकाशी थेंब जमता कामा नये. दाब कमी भरला तर स्क्रू किंवा पातळ चकती घालून वाढवतात. सगळी नॉझलं एकाच दाबाला लावली पाहिजेत, आणि पंपानेही प्रत्येक सिलिंडरला सारखंच डिझेल दिलं पाहिजे. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. आकड्यांची चिठ्ठी मागून घ्या. जो देत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नये असं माझं मत.

इथं एक गोष्ट नीट ऐका. फवारा बघायला हात पुढे करू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीत सुईसारखं घुसतं. वरून टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही, पण आत मांस सडू लागतं आणि बोट, प्रसंगी हात कापावा लागतो. असं झालं तर उद्यावर टाकू नका. हळद लावून बसू नका. त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात जा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

नॉझलची सुई आणि तिचं घर यांची जोडी असते. मधली फट केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. म्हणून एकाची सुई दुसऱ्यात घालू नये, भोकं टाचणीने कोरू नयेत. रॉकेल मिसळलेलं डिझेल तर नकोच. त्याला वंगण कमी, सुई झिजते. नॉझल बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्या आणि जुना भोकात अडकलेला नाही ना, ते बघा. जुने मिस्त्री अजून मायकोचंच नॉझल मागतात. त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं. नाशिकच्या सातपूरचा कारखाना तिचाच.

आता नव्या ट्रॅक्टरांबद्दल. १ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना धुराचे नवे नियम आले. त्यांतल्या बऱ्याच ट्रॅक्टरांत नॉझल कधी उघडायचं, किती वेळ उघडं ठेवायचं, हे इलेक्ट्रॉनिक पेटी ठरवते. दाब हजार किलोच्याही वर जातो. इथं नट सैल करायची ती जुनी रीत चुकूनही वापरू नका! प्रत्येक इंजेक्टर कारखान्यात मोजलेला असतो आणि त्याचा सांकेतिक क्रमांक त्याच्या डोक्यावर कोरलेला असतो. इंजेक्टर बदलला, किंवा एका सिलिंडरचा दुसऱ्यात गेला, तर तो क्रमांक यंत्र लावून पेटीला कळवावा लागतो. नाहीतर पेटी जुन्याच मापाने डिझेल देते आणि नवा इंजेक्टर घालूनही इंजिन खडखडतं. काम झाल्यावर कोणत्या सिलिंडरला कोणता क्रमांक, हे वहीत लिहून ठेवा.

सातपाटी, मुरबे, डहाणूच्या नाखवांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीचा काळ या कामाला बरा. मात्र त्या दिवसांत टाकी अर्धी ठेवू नका. खाऱ्या दमट हवेचं पाणी आत सुटतं आणि सुईला गंज धरतो. टाकी भरून ठेवा, खालचा बूच उघडून पाणी काढा, आणि काढलेल्या पाईपांची तोंडं स्वच्छ बूच लावून बंद करा. कापूस कोंबू नका, त्याचे तंतू आत जातात. शेतकऱ्यांनी हे काम मे महिन्यातच उरकावं. जूनमध्ये कारागिराकडे रांग असते.