दोन जिवांचा प्रवास

पहिलटकरणीला बाळंतपणासाठी माहेरी न्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत. त्या प्रवासात एखादी बैलगाडी, एखादी आगगाडी आणि सोबतीला पाठचा भाऊ एवढाच परिवार असे. वाटेत तिकीट तपासनिसापलीकडे कोणी काही विचारीत नसे. आज मडगावची, बेळगावची वा वडोदऱ्याची मुलगी लंडनला नाही तर न्यू जर्सीला नांदत असते. तिला सातव्या महिन्यात मायदेशी यावयाचे असते, किंवा नुकतेच दिवस गेलेले असताना पतीकडे जावयाचे असते. मन माहेराचे असो की सासरचे, वाट मात्र परक्या कायद्यातून जाते.

विमानाची गोष्ट त्या मानाने सोपी. एकच बाळ असून प्रकृती निर्धोक असेल, तर बहुतेक विमान कंपन्या छत्तीस आठवड्यांपर्यंत, आणि जुळे असल्यास बत्तीस आठवड्यांपर्यंत प्रवास करू देतात. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर पुष्कळ ठिकाणी डॉक्टरांचा दाखला मागतात. प्रत्येक कंपनीचा नियम थोडाफार वेगळा असल्याने तो तिकीट काढण्यापूर्वीच विचारावा. घोटाळा होतो तो परतीचा. जाताना तिसावा आठवडा म्हणून कोणी अडवीत नाही. दोन महिने राहून परत निघावे, तर विमानाचे दार बंद झालेले असते. आठवडे मोजावयाचे ते परतीच्या तारखेचे.

यापुढे परदेशाचा प्रवेश-अधिकारी. गरोदर आहे एवढ्यावरून अमेरिका वा इंग्लंड कोणाला प्रवेश नाकारीत नाही. तथापि अमेरिकेने जानेवारी २०२० मध्ये नियम केला, की ज्या पाहुणीचा मुख्य हेतू तेथे प्रसूत होऊन बाळाला नागरिकत्व मिळवून देण्याचा आहे, तिला भेटीचा व्हिसा द्यावयाचा नाही. म्हणून काही हितचिंतक ढगळ कपडे घालण्याचा आणि विचारल्यास ‘काही नाही’ म्हणण्याचा सल्ला देतात. असला सल्ला देणारा माणूस शत्रूच समजावा. कारण त्या देशाच्या कायद्यात, महत्त्वाची गोष्ट खोटी सांगून व्हिसा वा प्रवेश मिळवू पाहणाऱ्याला कायमची प्रवेशबंदी आहे. ज्या घरी पती नांदतो त्या घराचे दार पत्नीला आयुष्यभर बंद, एवढी ती शिक्षा मोठी. त्यापेक्षा प्रसूतीची अपेक्षित तारीख लिहिलेला डॉक्टरांचा कागद, परतीचे तिकीट आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा जवळ ठेवून खरे ते सांगणे सोयीचे.

इंग्लंडात प्रश्न निराळा होतो. पतीच्या व्हिसावर अवलंबित म्हणून जाणारी स्त्री अर्जाबरोबरच आरोग्याचा अधिभार भरते. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीला दरसाल १,०३५ पौंड ठरला. रक्कम डोळ्यांवर येते खरी, पण तिच्या बदल्यात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण वेगळे पैसे न देता होते. सहा महिन्यांच्या आतील भेटीचा व्हिसा घेऊन गेलेली स्त्री हा अधिभार भरीत नाही. तिच्याकडून इंग्लंडात सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. पैसे आधी भरले नाहीत म्हणून प्रसूतीचे उपचार नाकारावयाचे वा लांबवावयाचे नाहीत, हा तेथील नियम माणुसकीचा आहे. मात्र बिल माफ होत नाही. पाचशे पौंड वा त्याहून अधिक देणे दोन महिन्यांवर थकले, तर रुग्णालय ते गृहखात्याला कळविते, आणि पुढच्या व्हिसाच्या वेळी ते देणे आडवे येऊ शकते. अमेरिकेतही १९८६ च्या कायद्याने प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रीला रुग्णालयाच्या दारातून परत पाठविता येत नाही. बिल मागाहून येतेच.

आता विमा. ‘विमा काढला आहे’ या तीन शब्दांवर घरातील वडील माणसे निर्धास्त होतात, आणि नेमके येथेच फसतात. प्रवासविम्याचे बहुतेक करार गरोदरपण व प्रसूती स्पष्ट शब्दांत वगळतात; ही ओळ पहिल्या पानावर नसते, बारीक टाइपात मागे असते. काही करार आकस्मिक गुंतागुंत तेवढी घेतात, तीही ठराविक आठवड्यापर्यंत. सरळ प्रसूती त्यांच्या लेखी आजार नव्हे. शिवाय अवघड प्रसंग आईपुरता राहत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे जन्मले, तर त्या क्षणी ते दुसरा रोगी ठरते. त्याला काचेच्या पेटीत कित्येक आठवडे ठेवावे लागते आणि त्याचे बिल स्वतंत्र होते. करारावर नाव आईचे. जे जन्मलेच नव्हते त्याचे नाव तेथे असणार कोठून? म्हणून विमा घेताना प्रश्न दोन विचारावयाचे, आईचा आणि बाळाचा, आणि उत्तर लेखी घ्यावयाचे. दलालाने तोंडी दिलेला दिलासा रुग्णालयाच्या खिडकीवर चालत नाही.

पैशाने सुटत नाही अशीही एक गोष्ट आहे, आणि बेळगावकरांना ती सांगावी लागत नाही. सविता हलप्पनवार ही बेळगावची लेक, व्यवसायाने दंतवैद्य, पतीबरोबर आयर्लंडमधील गॉलवे येथे राहत होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये, गर्भ सतरा आठवड्यांचा असता, गर्भपात अटळ असल्याचे दिसून आले. तिने व पतीने गर्भ काढण्याची विनंती केली. गर्भाचे ठोके चालू असल्याने ती नाकारण्यात आली. रक्तात जंतुदोष पसरून २८ ऑक्टोबर रोजी तिचा अंत झाला. तेथील राज्यघटनेत १९८३ पासून असलेली तरतूद मे २०१८ च्या जनमताने रद्द झाली. गर्भाच्या जिवाविषयी ज्यांची धर्मश्रद्धा दृढ आहे त्यांनाही या मृत्यूपाशी थांबून विचार करावा लागला. प्रवासिनीपुरता त्याचा अर्थ असा, की तिच्या देहावरील उपचार त्या भूमीच्या कायद्याने ठरतात, पारपत्र कोणत्याही देशाचे असो. तो कायदा काय म्हणतो, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घेणे अशुभ नव्हे.

बाळ परदेशी जन्मले तर ते कोणाचे? इंग्लंडात १ जानेवारी १९८३ पासून केवळ त्या भूमीवरील जन्माने नागरिकत्व मिळत नाही. आईबापांपैकी एक तरी तेथील नागरिक वा कायमचा रहिवासी हवा. अमेरिकेत १८९८ च्या निकालापासून भूमीवरील जन्म पुरेसा मानला गेला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी त्याविरुद्ध आदेश काढला आणि प्रकरण न्यायालयात गेले. गोव्याच्या पोर्तुगीज वारशातून लिस्बनचे पारपत्र घेऊन स्विंडनला स्थायिक झालेल्या कुटुंबांचा हिशेब याहून वेगळा. भारतीय नागरिकांच्या बाळाची मात्र जन्मनोंद आपल्या वकिलातीत एका वर्षाच्या आत करावयाची असते, आणि त्याच्याजवळ दुसऱ्या देशाचे पारपत्र नाही असे आईबापांनी लिहून द्यावयाचे असते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळंतपणाच्या धामधुमीत, रात्रीच्या जाग्रणांत आणि बारशाच्या गडबडीत ते वर्ष फार लवकर सरते; म्हणून रुग्णालयातून निघतानाच जन्माचा दाखला कसा मिळवावयाचा ते विचारून घ्यावे, आणि त्यावर आईबापांची नावे पारपत्राबरहुकूम, अक्षर न् अक्षर जुळतील अशी आहेत ना, ते तेथेच पाहावे.