यंदा गोलात कोण उभी राहणार?

हंगाम म्हटलं की आपल्याला खरीप आठवतो, नाहीतर कारखान्याचा गळीत हंगाम. आज आम्ही पोरींच्या फुटबॉलच्या हंगामाबद्दल बोलणार आहोत. आमच्यातल्या एकीनंही कधी चेंडूला पाय लावलेला नाही. पण गावच्या मुलींचा सामना असला की बचत गटाची बैठक पुढं ढकलतो आणि मैदानाच्या कडेला जाऊन बसतो. तिथं आमचा आवाज पंचापर्यंत जातो, अशी तक्रार आहे.

हा खेळ आपल्याकडं कबड्डी, खो-खोसारखा जुना नाही. कोल्हापुरात तो पेठापेठांत मुरलाय. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम असे तिथले संघ, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की सगळी पेठ तिकडं. हंगामाआधी तिथल्या माणसाला घोर लागतो तो आपला चांगला खेळाडू दुसऱ्या तालमीनं नेला का, याचा. आमच्या पोरी कुठला संघ नेत नाही. लग्न नेतं, नाहीतर ऊस नेतो.

2017 साली 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक भारतात झाला. त्याच्या आधी 15 सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांत फुटबॉल खेळवला होता, शाळांना चेंडूही मिळाले होते. काही गावांत ते कपाटात गेले. आमच्याकडं पोरींनी बाहेर काढले, तेव्हापासून हे वेड लागलं.

जूनमध्ये शाळा उघडली की मोजणी सुरू होते. पावसाळ्यात सामने लागतात, आधी तालुका, मग जिल्हा, मग लातूर विभाग. त्या विभागात नांदेडही येतो. संघाला अकराजणी लागतात आणि सातपेक्षा कमी असल्या तर नियमानं सामना सुरूच होत नाही. गेल्या वर्षी आमच्या चौदा होत्या. दोघी दहावी होऊन तालुक्याला शिकायला गेल्या, त्याचा आनंदच आहे. एकीला पाहुणे बघून गेले. ती सोळाची आहे. तिच्या घरी आम्ही फुटबॉलचं नावही काढलं नाही. अठरा पूर्ण झाल्याशिवाय पोरीचं लग्न लावणं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो आणि 1098 वर कुणीही फोन करू शकतं, एवढंच चहा पिता पिता सांगून आलो. गोड बोललो, पण बोललो. पाहुण्यांचा निरोप अजून आलेला नाही.

सगळ्यात मोठा घोर गोलकीपरचा. आठवीतली पोर, हात लांब, आणि अंगावर चेंडू आला तरी डोळे मिटत नाही. असल्या पोरी शिकवून होत नाहीत. तिच्या मायबापानं मुकादमाकडून उचल घेतलीय. आपल्या कंधार, लोहा, मुखेडात आणि तिकडं जळकोट, अहमदपूरच्या डोंगरपट्ट्यात हे कुणाला सांगायला नको. दसरा झाला की टोळ्या निघतात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. कोयता नवराबायकोचा मोजतात, पण लेक हाताशी आली की कोपीवरचा स्वयंपाक, पाणी आणि धाकटं भावंड तिच्याच गळ्यात पडतं. गावात सोयाबीनची रास पडते आणि पोरींना पुढच्या सामन्याची चिठ्ठी येते, नेमकी त्याच सुमारास ही गाडीत बसते.

तिची माय वाईट आहे असं कुणी म्हणू नका. ती म्हणते, "पोर मागं ठेवली तर रातच्याला तिच्याजवळ कोण?" हा प्रश्न खरा आहे. आजी आहे, पण तिला दिसत नाही नीट. म्हणून आम्ही चौघींनी पाळी लावायचं ठरवलंय. आजीच्या घरी रोज एकजण झोपायला जाईल. दोन वेळच्या जेवणासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. स्थलांतर करणाऱ्यांची लेकरं गावात राहिली तर शाळेमार्फत त्यांची सोय होते. त्यासाठी शाळेनं वेळेत प्रस्ताव पाठवावा लागतो. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे. तुमच्या समितीत त्या असतील, तर सही करून उठू नका, प्रस्ताव गेला का ते विचारा. टोळी निघून गेल्यावर विचारून उपयोग नाही.

असा घोर मोठ्या खेळाडूंच्या वाट्यालाही येतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये जागतिक संघटना फिफानं आपल्या फुटबॉल महासंघावर बंदी घातली. ऑक्टोबरात 17 वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक आपल्या देशात व्हायचा होता, तो जातो की राहतो अशी वेळ आली. भांडण कारभाऱ्यांचं होतं आणि टांगणीला लागल्या पोरी. त्याच महिन्याच्या अखेरीस बंदी उठली आणि अंतिम सामना नवी मुंबईत झाला. पुढं 2025 च्या जुलैत आपल्या महिला संघानं थायलंडला त्यांच्याच देशात 2-1 हरवून आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरनं केले. ही बातमी आम्ही बैठकीत दोनदा वाचली.

आणखी एक बायकी काळजी, रेडिओवर बोलायला हरकत नाही. पाळीच्या दिवसांत पांढऱ्या चड्डीवर पोरी धास्तावतात, धावताना मागं बघतात. इंग्लंडच्या संघानंही हेच सांगितलं आणि 2023 साली त्यांची पांढरी चड्डी जाऊन निळी आली. आमच्या पोरींना गटाच्या पैशातून गडद निळ्या शिवून घेतल्यात. दर्जी म्हणाला, कापड उरलं. त्यात गोलकीपरची एक जादा शिवायला सांगितलीय.

तिच्या मायनं अजून हो म्हटलेलं नाही. पोळ्यापर्यंत सांगते म्हणाली. तोवर ती रोज संध्याकाळी सरावाला येतेय, आणि आम्ही दुसऱ्या एका पोरीलाही गोलात उभं करून बघतोय. ती डोळे मिटते.