शाळेची इमारत आणि मतदाराची संमति



माझें सारें आयुष्य शाळेंत गेलें. त्यांतील कित्येक वर्षें एकाच इमारतींत दोन पाळ्यांनीं शाळा भरे. सकाळच्या मुलांचें फळ्यावरील गणित पुसून दुपारचा वर्ग सुरू व्हावयाचा. नवी इमारत केव्हां, असें विचारलें कीं, "पैसे आले म्हणजे" हें उत्तर ठरलेलें. ते कोठून यावयाचे, हें मात्र कोणी सांगत नसे. अमेरिकेंत पुष्कळ ठिकाणीं या प्रश्नाचें उत्तर गांवच्या मतदारांनाच द्यावें लागतें. ती रीत आज आपणांपुढें ठेवितों.

टेक्सस राज्यांत डॅलस शहराजवळ फ्रिस्को नांवाचें गांव आहे. २००० सालीं तेथील शाळांत सुमारें ७ हजार मुलें होतीं. २०२० पर्यंत तीं ६० हजारांवर गेलीं. नवीं घरें उठलीं कीं मुलें लागलीच शाळेच्या दारांत उभीं राहतात. त्या घरांवरील पट्टी मात्र वर्षावर्षानें जमा होते. शिलकेंतून इमारत बांधूं म्हटलें, तर ती पुरी होईपर्यंत मुलेंच शाळा सोडून जावयाचीं. म्हणून लोकनियुक्त शाळामंडळ कर्जरोखे काढतें. पण मतदारांची संमति मिळाली तरच. २०१४ सालीं फ्रिस्कोच्या मतदारांनीं ७७ कोटि ५० लक्ष डॉलरांच्या रोख्यांस अशी संमति दिली. रोख्यांच्या व्याजावर सामान्यतः केंद्र सरकारचा प्राप्तिकर नसल्यामुळें व्याजाचा दर कमी पडतो. कर्ज घरपट्टींतून बहुधा वीस-तीस वर्षांत फिटतें. इमारत त्याहून अधिक काळ उभी राहते. तेव्हां पुढें राहावयास येणाऱ्यांनींहि तिचा भार उचलावा, हें न्यायाचेंच आहे.

परंतु ज्याचीं मुलें केव्हांच मोठीं झालीं, त्या वृद्ध घरमालकानें काय करावें? पट्टी त्यालाहि भरावी लागते, आणि नको म्हणण्याचा अधिकारहि त्याला आहे. कॅलिफोर्नियांत हा प्रश्न विशेष तीव्र झाला. १९७८ सालीं तेथें घरपट्टीवर मर्यादा आली आणि असे रोखे काढण्याचा मार्ग खुंटला. १९८६ सालीं तो पुन्हां मोकळा झाला, पण दोनतृतीयांश मतांच्या अटीवर. म्हणजे शंभरांत साठांनीं होय म्हटलें, तरी शाळा उठत नसे. २००० सालीं मतदारांनीं शेंकडा ५५ मतें पुरेशीं मानण्यास मान्यता दिली. मात्र त्या सवलतीबरोबर अटीहि आल्या. कामांची यादी आधीं प्रसिद्ध करावी. पैसा शिक्षकांच्या पगाराकडे वळवूं नये. दरवर्षीं हिशेबतपासणी व्हावी. आणि खर्चावर नागरिकांची समिति असावी. या समितींत वृद्धांच्या संस्थेचा एक व करदात्यांच्या संस्थेचा एक सभासद घ्यावा लागतो. मंडळाचा नोकर किंवा ठेकेदार मुळींच चालत नाहीं. ज्याला शंका, त्यालाच पहाऱ्यावर बसविलें!

आपणहि शाळांसाठीं पैसे देतोंच. महाराष्ट्रांत १९६२ च्या कायद्यान्वयें शहरांतील मिळकतींवर शिक्षणकर बसतो. त्यासाठीं आपलें मत कोणी घेत नाहीं, आणि प्रत्येक इमारतीसाठीं मतदान घ्यावें असेंहि माझें म्हणणें नाहीं. पण यादी, तपासणी आणि समिति मागण्यास मतपेटी कशाला हवी? यंदाची घरपट्टीची पावती भरून कपाटांत टाकण्यापूर्वीं त्यांतील शिक्षणकराची ओळ वाचा, आणि जवळच्या शाळेंत मुलें किती व खोल्या किती, हें एकदां स्वतः जाऊन पाहून या.